‘सेल्फ दिसेल तिथे स्टॅटिक टाक’ हा सल्ला ऐकावा का?

पत्र

नमस्कार. मी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करून नाशिकमधल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. कॉलेजात जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले, इथे सगळं पीएचपी या दुसऱ्या भाषेत. दुकानदारांसाठीचं एक जुनं बिलिंग सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. ज्यांनी ते लिहिलं ते केव्हाच सोडून गेले. माझ्या वाट्याला ‘क्रेडिटनोट’ हा क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा, आला. तो ‘बिल’ या क्लासला एक्स्टेंड करतो, म्हणजे बिल पालक आणि क्रेडिटनोट त्याचं मूल. क्रेडिटनोटवर ‘नवीन’ ही मेथड (क्लासमधलं एक काम) बोलावली की हातात बिलाचा ऑब्जेक्ट येतो आणि नंबरही बिलाचा लागतो. सेल्फ आणि स्टॅटिक हे पीएचपीत क्लासकडे बोट दाखवणारे शब्द. सिनिअर सर म्हणाले, ‘सेल्फ दिसेल तिथे स्टॅटिक टाक.’ टाकलं. त्यानंतर ‘प्रोफॉर्मा’ हा दुसरा क्लास नीट चालू लागला, पण माझ्या क्रेडिटनोटला आधी कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमध्ये) आर्ग्युमेंट, म्हणजे द्यायची माहिती, कमी पडल्याची एरर आली. ती कशीबशी घालवली तर एका प्रायव्हेट मेथडवर फेटल एरर. आणि क्रमांक अजूनही बिलांच्याच मालिकेत पडतात. शिवाय मी क्रेडिटनोटला स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहिला तेव्हापासून ‘तारीख’ ही प्रॉपर्टी (ऑब्जेक्टमधली माहितीची जागा) भरलेलीच नाही अशी तक्रार येते. पॅरेंटचा पॅरेंट कसा बोलवायचा तेही कळत नाही. सेल्फ, स्टॅटिक, पॅरेंट, धिस यांच्या व्याख्या मला पाठ आहेत, पण कोड समोर आला की काही सुचत नाही. आई म्हणते, बँकेच्या परीक्षा दे. हे काम माझ्या डोक्याचं नाही का?

— एक वाचक, सातपूर

उत्तर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं वाचताना ते मनात टोचत राहील. तुम्ही प्रत्येक बिघाड वेगळा लिहिलात, कुठला कशानंतर आला तेही सांगितलंत. दुसऱ्याच्या जुन्या कोडमध्ये हे करता येणं म्हणजेच या कामाचं डोकं असणं. बँकेच्या परीक्षा द्यायच्या तर मनापासून आवडत असेल म्हणून द्या, या एररना घाबरून देऊ नका. या प्रत्येक बिघाडाला कारण आहे.

व्याख्या पाठ असूनही सुचत नाही, कारण व्याख्या शब्दाची असते आणि कोड वाचताना आपल्याला प्रश्न विचारावा लागतो. असे दोनच प्रश्न आहेत. पहिला: ही ओळ कोणत्या क्लासच्या महिरपी कंसात लिहिली आहे? दुसरा: हा कोड चालवताना हाक कोणावर मारली होती? सेल्फ आणि पॅरेंट यांचं उत्तर पहिल्या प्रश्नावरून ठरतं. स्टॅटिक आणि धिस यांचं दुसऱ्यावरून. बहुतेक जण सेल्फ-स्टॅटिकची जोडी लावतात आणि पॅरेंट वेगळा ठेवतात, तिथेच घोळ होतो. पॅरेंट सेल्फच्या बाजूचा आहे. तो फाइलमध्ये बसलेला आहे, ऑब्जेक्टमध्ये नाही.

तुमच्या पहिल्या अडचणीला हे लावून बघू. ‘नवीन’ ही स्टॅटिक मेथड ‘बिल’ क्लासमध्ये लिहिली आहे आणि तिच्यात नवा ऑब्जेक्ट बनवणारं ‘न्यू सेल्फ’ आहे. ओळ बिलाच्या कंसात आहे, म्हणून सेल्फ म्हणजे बिल. क्रेडिटनोटला ती मेथड वारशाने मिळाली तरी ओळ जागची हलत नाही, तिची प्रत निघून क्रेडिटनोटच्या फाइलमध्ये चिकटत नाही. म्हणून तुम्ही क्रेडिटनोटवर हाक मारलीत तरी बिल जन्माला आलं. ‘न्यू स्टॅटिक’ लिहिलं की दुसरा प्रश्न लागू होतो: हाक कोणावर? क्रेडिटनोटवर. मग क्रेडिटनोट.

पीएचपीत ही दुसरी सोय फार उशिरा आली. पीएचपी ५ सन २००४ मध्ये आलं तेव्हा सेल्फ आणि पॅरेंट होते, पण ‘हाक कोणावर आली’ हे स्टॅटिक मेथडच्या आत विचारायची सोयच नव्हती. ती जून २००९ मध्ये ५.३ आवृत्तीत मिळाली, ‘लेट स्टॅटिक बाइंडिंग’ या नावानं. त्यासाठी नवा शब्द राखून ठेवला तर लोकांचा जुना कोड मोडला असता, म्हणून आधीपासून राखीव असलेला ‘स्टॅटिक’च वापरला गेला. परिणामी आज एकाच शब्दाच्या अंगावर बरीच कामं आहेत: स्टॅटिक मेथड, स्टॅटिक प्रॉपर्टी, फंक्शनच्या आत किंमत टिकवणारा स्टॅटिक व्हेरिएबल, आणि ‘ज्याच्यावर हाक आली तो क्लास’. तुम्ही जावातून आलात, तिथे स्टॅटिकचा अर्थ ‘ऑब्जेक्टशिवाय चालणारं’ एवढाच असतो आणि हे शेवटचं काम त्याच्याकडे नसतं. तुमचा गोंधळ व्हावा अशीच ही रचना आहे. तो झाला याचं वाईट वाटून घेऊ नका.

आता सरांचा सल्ला. तो ‘न्यू सेल्फ’च्या त्या एका ओळीसाठी बरोबर होता. ‘दिसेल तिथे’ हे चुकलं. सेल्फ आणि स्टॅटिक यांत जुना-नवा किंवा बरा-वाईट असं काही नाही, ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. फाइंड-रिप्लेसनं तुम्ही प्रश्नच बदललात, आणि ज्या ओळींना पहिलाच प्रश्न हवा होता त्या बिघडल्या.

प्रायव्हेट मेथडचं बघा. बिलमध्ये ‘तपासा’ ही प्रायव्हेट मेथड आहे आणि बिलाचीच दुसरी एक मेथड तिला सेल्फनं बोलावते. क्रेडिटनोटमध्येही कोणीतरी ‘तपासा’ याच नावाची प्रायव्हेट मेथड लिहून ठेवली असणार, खात्री करून घ्या. सेल्फ होतं तोवर बिल आपली ‘तपासा’ बोलावत होतं. स्टॅटिक टाकल्यावर पीएचपी क्रेडिटनोटची ‘तपासा’ शोधायला गेलं, ती सापडली, पण ती क्रेडिटनोटची खासगी आणि बोलावणारी ओळ बिलाची. म्हणून फेटल एरर. प्रायव्हेट मेथडला स्टॅटिकनं हाक मारण्यात मुळातच अर्थ नाही, कारण जी गोष्ट या क्लासची स्वतःची आहे, तिच्यासाठी ‘मुलानं बदललं असेल तर ते घे’ असं म्हणायचं कशाला? तिथे सेल्फ परत आणा. मेथड ऑब्जेक्टवर चालणारी असेल तर धिसही चालेल. बिलाच्या कंसातून धिसनं प्रायव्हेट मेथड बोलावली तर पीएचपी बिलाचीच घेतं.

आता कन्स्ट्रक्टरची एरर. बिलाचा कन्स्ट्रक्टर एकच आर्ग्युमेंट घेतो असं समजते: ग्राहक. ‘न्यू स्टॅटिक’च्या कंसातही एकटा ग्राहक आहे. तुमच्या क्रेडिटनोटचा कन्स्ट्रक्टर मात्र ग्राहक आणि मूळ बिल असे दोन मागतो, आणि तो मागतो हे योग्यच आहे. बाकीच्या मेथड ओव्हरराइड करताना, म्हणजे पालकाची मेथड मुलात पुन्हा लिहिताना, पीएचपी आर्ग्युमेंट जुळतात का हे तपासतं, ८.० आवृत्तीपासून तर न जुळल्यास सरळ फेटल एरर देतं. पण कन्स्ट्रक्टरला त्यातून सूट आहे, तो अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (नुसतं नाव जाहीर, कोड मुलानं लिहायचा) किंवा इंटरफेसमध्ये जाहीर केलेला नसेल तर. त्यामुळे ‘न्यू स्टॅटिक’ लिहिणारा नकळत एक वचन देऊन बसतो: या क्लासचं पुढे जे कोणी मूल होईल, त्याचा कन्स्ट्रक्टर माझ्यासारखाच असेल. हे वचन भाषा पाळायला लावत नाही, ते मोडलं की एरर थेट चालत्या कोडमध्ये येते. पीएचपीस्टॅन हे तपासणीचं साधन ‘न्यू स्टॅटिक’ दिसलं की असुरक्षित वापर म्हणून इशारा देतं, तो याचसाठी.

तुम्ही ती एरर ‘कशीबशी घालवली’ असं लिहिलंत. माझा अंदाज, दुसऱ्या आर्ग्युमेंटला नल, म्हणजे ‘काहीच नाही’, ही डीफॉल्ट किंमत दिलीत. ती काढून टाका. मूळ बिलाशिवाय क्रेडिट नोट तयार होऊ शकते असं तुमचा क्लास आता म्हणतोय, आणि ते तुमच्या दुकानदारांना महागात पडेल. त्याऐवजी क्रेडिटनोटमध्ये वेगळ्या नावाची स्टॅटिक मेथड लिहा, समजा ‘बिलावरून’, जी मूळ बिल घेईल आणि त्यातूनच ग्राहक काढेल. ‘नवीन’च ओव्हरराइड करून तिला एक सक्तीचं जास्तीचं आर्ग्युमेंट द्यायचा मोह होईल, पण वर सांगितलेला नियम तिथे आडवा येईल. ‘बिलावरून’मध्ये ‘न्यू सेल्फ’ लिहिलंत तरी चालेल, क्रेडिटनोटला पुढे मूल होणार नसेल तर. होणार नाही हे ठरलं असेल तर क्लासला ‘फायनल’ लावून टाका (मग पीएचपी त्याला मूल होऊच देत नाही). म्हणजे पुढे येणाऱ्या माणसाला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

क्रमांकांचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही सेल्फच्या जागी स्टॅटिक टाकलंत तरी मालिका वेगळी झाली नाही. कारण स्टॅटिक प्रॉपर्टी मुलानं पुन्हा जाहीर केली नसेल तर ती दोघांत एकच असते. स्टॅटिक लिहिल्यानं पीएचपी क्रेडिटनोटकडे गेलं, तिथे ‘शेवटचा क्रमांक’ वेगळा सापडला नाही, म्हणून वारशानं आलेलाच मिळाला, आणि तो बिलाचा. दोन हाका, साठवण एक. क्रेडिटनोटमध्ये ती प्रॉपर्टी प्रोटेक्टेड स्टॅटिक म्हणून पुन्हा जाहीर केली तर साठवण वेगळी होते. पण हा उपाय नाजूक आहे. उद्या तिसरा क्लास आला आणि जाहीर करायचं कोणी विसरलं, की पुन्हा हेच, तेही कसलीही एरर न येता.

मी असते तर बिलमध्ये ती प्रॉपर्टी अ‍ॅरे (नावं दिलेल्या कप्प्यांची यादी) केली असती, आणि ओळ अशी लिहिली असती: सेल्फचा ‘क्रमांक’ हा अ‍ॅरे, आणि त्याची की म्हणून स्टॅटिकच्या क्लासचं नाव. एकाच ओळीत दोन्ही शब्द, दोन्ही आपापल्या कामाला. साठवण एकच आणि ती बिलाच्या घरात, म्हणून सेल्फ. कप्पा मात्र ज्याच्यावर हाक आली त्याचा, म्हणून स्टॅटिक. ही ओळ नीट कळली तर तुमच्या पत्रातला निम्मा विषय संपतो. ती हातानं टाइप करून चालवून बघा.

पण हे शिकण्यासाठी. खऱ्या बिलाचा क्रमांक पीएचपीच्या स्टॅटिक प्रॉपर्टीवर अवलंबून ठेवू नका. नेहमीच्या वेब सर्व्हरवर ती किंमत एका रिक्वेस्टपुरती जगते. दोन काउंटरवरून एकाच क्षणी दोन बिलं निघाली तर दोन्ही रिक्वेस्टना तोच आकडा दिसू शकतो. क्रमांक डेटाबेसमधून, ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ लॉक करूनच घ्यायचा. जीएसटीच्या नियमांत बिलाला सलग क्रमांक लागतो, १६ अक्षरांपेक्षा मोठा नको आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा आलेला नको. क्रेडिट नोटच्या क्रमांकालाही हीच अट आहे. मालिका एकाहून जास्त ठेवता येतात, पण प्रत्येक मालिका सलग हवी. तुमच्या आत्ताच्या कोडमध्ये क्रेडिट नोटा बिलांचे क्रमांक खातायत, म्हणजे दुकानदाराच्या बिलांच्या यादीत मध्येमध्ये भोकं पडतायत.

‘तारीख भरलेली नाही’ या तक्रारीचं कारण जावाच्या सवयीमुळे तुमच्या लक्षात आलं नसेल. जावात मुलाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये तुम्ही सुपरला (तिथल्या पॅरेंटला) हाक मारली नाहीत तर कंपायलर बिनआर्ग्युमेंटची हाक स्वतःहून घालतो, आणि पालकाकडे तसा कन्स्ट्रक्टर नसेल तर कोड कंपाइलच होऊ देत नाही. पीएचपी यातलं काही करत नाही. मुलाला स्वतःचा कन्स्ट्रक्टर नसेल तर पालकाचा चालतो. मुलानं स्वतःचा लिहिला की पालकाचा आपोआप चालायचा बंद होतो, तुम्ही पॅरेंटनं बोलावलात तरच चालतो. पायथनमध्येही असंच आहे. तुमच्या बिलाचा कन्स्ट्रक्टर तारीख भरत होता. तुम्ही क्रेडिटनोटचा लिहिलात, पालकाचा चालला नाही, तारीख रिकामी राहिली. टाइप दिलेली प्रॉपर्टी ७.४ आवृत्तीपासून आली, आणि तशी प्रॉपर्टी भरण्याआधी वाचली की पीएचपी एरर देतं. त्याआधीच्या काळात इथे गुपचूप नल आला असता आणि क्रेडिट नोटवर तारखेची जागा कोरी छापली गेली असती. एरर आली हे बरंच झालं. क्रेडिटनोटच्या कन्स्ट्रक्टरच्या पहिल्या ओळीत पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरला ग्राहक देऊन बोलवा. पीएचपी पहिल्याच ओळीची सक्ती करत नाही, तरी तिथेच लिहा.

पॅरेंटबद्दल आणखी एक सांगायलाच हवं, कारण वर्गात हा विषय शिकवताना बाप आणि मुलगा, वडिलांची जमीन, आजोबांचं घर अशी उदाहरणं देतात आणि त्यातून मनात पक्कं बसतं की पॅरेंट म्हणजे शेजारी उभा असलेला दुसरा ऑब्जेक्ट. तसं नसतं. क्रेडिटनोटचा ऑब्जेक्ट एकच आहे. पॅरेंटनं ‘एकूण’ ही मेथड बोलावलीत की बिलात लिहिलेला कोड चालतो, पण चालतो तो तुमच्याच क्रेडिटनोटच्या ऑब्जेक्टवर. धिस बदलत नाही. म्हणून बिलाच्या ‘एकूण’मध्ये धिसनं ‘कर’ या मेथडला हाक असेल आणि क्रेडिटनोटनं ‘कर’ ओव्हरराइड केली असेल, तर पॅरेंटकडे गेलेला कोड तिथून पुन्हा क्रेडिटनोटच्या ‘कर’मध्ये येतो. बहुतेक वेळा आपल्याला हेच हवं असतं. पण क्रेडिटनोटच्या ‘कर’मध्ये कोणी धिसनं ‘एकूण’ बोलावून ठेवलं असेल तर दोघी एकमेकींना बोलावत राहतात आणि मेमरी संपल्याची एरर येते. ती आली की मेमरीची मर्यादा वाढवायला जाऊ नका, हाका मोजा.

यातूनच कळेल की सेल्फ फक्त स्टॅटिक गोष्टींसाठी असतो हा समजही अर्धाच खरा आहे. ऑब्जेक्टवर चालणाऱ्या मेथडलाही सेल्फनं हाक मारता येते, आणि मग मुलानं ती ओव्हरराइड केली असली तरी सेल्फवाल्या क्लासचीच चालते. कोणी मुद्दाम तसं लिहिलं असेल तर ठीक. पण जुन्या कोडमध्ये असं बऱ्याचदा नुसत्या सवयीनं लिहिलेलं असतं, आणि मग ‘मी ओव्हरराइड केलं तरी फरक का पडत नाही’ यात एक दिवस जातो. तिथे धिस हवा.

पॅरेंट फाइलमध्ये बसलेला आहे असं मी वर म्हटलं. तो तसा नसता तर काय झालं असतं? समजा क्रेडिटनोटचं एक मूल आहे, ‘निर्यातनोट’. क्रेडिटनोटच्या ‘छापा’मध्ये पॅरेंटच्या ‘छापा’ला हाक आहे. ऑब्जेक्ट निर्यातनोटचा. पॅरेंट जर ऑब्जेक्टवरून ठरला असता तर निर्यातनोटचा पालक म्हणजे क्रेडिटनोट, म्हणजे तीच मेथड पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पायथनमध्ये सुपरला क्लासचं नाव हातानं द्यावं लागायचं तेव्हा लोक तिथे ‘या ऑब्जेक्टचा क्लास’ असं चालाखीनं लिहायचे आणि नेमके याच चक्रात अडकायचे. २००८ च्या पायथन ३ पासून सुपर रिकाम्या कंसानं चालतो आणि कोणत्या क्लासमध्ये लिहिलाय ते भाषा स्वतः लक्षात ठेवते. (मुलाखतीत विचारतील म्हणून: पायथनचा सुपर नेहमी पालकाकडेच जातो असं नाही. तिथे एका क्लासला अनेक पालक असू शकतात, आणि सुपर ठरलेल्या क्रमातल्या पुढच्या क्लासकडे जातो. तो कधी भावंडही असतो. पीएचपीत पालक एकच, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही.)

पॅरेंटच्या पॅरेंटचं उत्तर: ‘पॅरेंट’ दोनदा लावून लिहिलं तर चालत नाही, एरर येते. आजोबा-क्लासचं नाव घेऊन त्याच्या मेथडला हाक मारता येते, आणि ती मेथड ऑब्जेक्टवरची असेल तर धिस तोच राहतो. मात्र स्टॅटिक मेथडला असं नावानं बोलावताना जपा. क्रेडिटनोटमधून पॅरेंटनं ‘नवीन’ बोलावलीत तर ‘हाक क्रेडिटनोटवर आली होती’ ही माहिती पुढे जाते आणि ‘न्यू स्टॅटिक’ क्रेडिटनोटच देतो. तिथेच ‘बिल’ असं नाव लिहून बोलावलीत तर हाक नव्यानं बिलावर सुरू होते आणि पुन्हा बिल हातात. दिसायला दोन्ही ओळी सारख्याच.

पण आजोबांकडे जायची गरज मुळात का पडतेय? पालकानं काहीतरी असं केलंय जे तुम्हाला नकोय, म्हणून त्याला ओलांडून जावंसं वाटतंय. माझं स्पष्ट मत आहे की तुमच्या कोडमध्ये क्रेडिटनोटनं बिलाला एक्स्टेंड करणं हेच चुकलंय. क्रेडिट नोट हे बिल नव्हे. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ती आधी दिलेल्या बिलातली रक्कम किंवा कर कमी करायला काढतात, आणि तिच्यावर त्या मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख लिहावी लागते. म्हणजे तिच्याकडे बिलाचा संदर्भ असतो, ती बिलाचा प्रकार नसते. ज्यानं हे लिहिलं त्याला छपाई आणि ग्राहकाचा पत्ता फुकट मिळाला म्हणून बिलावरून वारसा घेतला असावा. खरं तर ‘दस्तऐवज’ असा एक अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास हवा, त्यात ग्राहक, तारीख, छपाई हे समान भाग, आणि बिल, प्रोफॉर्मा, क्रेडिटनोट ही त्याची भावंडं. क्रमांकाची अक्षरं आणि मालिका देणारी मेथड दस्तऐवजात अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ठेवा, म्हणजे ती लिहिल्याशिवाय कोणाचाही नवा क्लास वापरताच येणार नाही. मग सेल्फ की स्टॅटिक हा प्रश्न निम्म्या ठिकाणी उरणारच नाही.

हे एकदम करू नका. आधी तुमच्या मशीनवर तीन छोटे क्लास लिहा, एकाखाली एक. वरच्या क्लासमध्ये एक स्टॅटिक मेथड, जी सेल्फच्या आणि स्टॅटिकच्या क्लासचं नाव छापेल. मधल्या क्लासमध्ये दुसऱ्या नावाची तशीच मेथड, तिच्यात पॅरेंटचंही नाव छापा. मग सगळ्यात खालच्या क्लासवर दोन्ही मेथडना हाक मारा. एंटर दाबण्याआधी काय छापलं जाईल ते कागदावर लिहा. पहिलीत सेल्फ वरचा आणि स्टॅटिक खालचा येईल. दुसरीत सेल्फ मधला, पॅरेंट वरचा आणि स्टॅटिक खालचा. दुसरीतला पॅरेंट तुमच्या कागदाशी जुळला नाही तर वरचा निर्यातनोटचा परिच्छेद पुन्हा वाचा.

मग कंपनीच्या कोडमध्ये रिप्लेस केलेला बदल पूर्ण मागे घ्या आणि एकेक ठिकाण हातानं करा. ‘नवीन’मधली ओळ स्टॅटिक. ज्या कॉन्स्टंटची किंमत मुलानं बदलायची आहे, जसं क्रमांकाआधीची अक्षरं, ते स्टॅटिक. प्रायव्हेट सगळं सेल्फ किंवा धिस. प्रत्येकाचा वेगळा कमिट (बदलाची नोंद), आणि कमिटच्या मेसेजमध्ये कारण. पीएचपी ८.३ किंवा पुढचं असेल तर मुलानं ओव्हरराइड केलेल्या मेथडवर ‘ओव्हरराइड’ हे अ‍ॅट्रिब्यूट लावा. पालकात त्या नावाची मेथड नसली की लगेच एरर येते, स्पेलिंग चुकलं तर तिथेच कळतं.

सरांशी बोलताना चारचौघांत ‘तुमचा सल्ला चुकला’ असं म्हणायची गरज नाही, आणि गप्प बसायचीही नाही. त्यांच्या टेबलापाशी जा, क्रेडिटनोटची कन्स्ट्रक्टरची एरर त्यांच्या डोळ्यांसमोर आणा आणि म्हणा, ‘सर, न्यू सेल्फच्या जागी स्टॅटिक बरोबर होतं, पण या तीन ठिकाणी सेल्फच लागतोय, बघता का?’ जुना कोड वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या माणसाला एरर दाखवली की ती समजते. दस्तऐवजाच्या नव्या रचनेची गोष्ट मात्र त्याच दिवशी काढू नका. आधी क्रमांक वेगळे होऊ द्यात, मग काढा.

राहिल्या आजवर बिलांच्या मालिकेत निघालेल्या क्रेडिट नोटा. कोड दुरुस्त झाला की डेटाबेसमध्ये एक अपडेट क्वेरी मारून त्यांचे क्रमांकही ‘दुरुस्त’ करावेत असं कोणीतरी म्हणेल. ते होऊ देऊ नका. ते कागद ग्राहकांच्या हातात गेलेत, आणि त्यांची नोंद दुकानदारांच्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात झालेली असणार. कोणत्या दुकानाच्या कोणत्या क्रमांकांवर क्रेडिट नोटा पडल्यात याची यादी काढा, ती सरांच्या हातून त्या दुकानदारांच्या अकाउंटंटकडे जाऊ द्या, आणि जुन्या क्रमांकांचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. नवी मालिका नव्या क्रेडिट नोटांपासून सुरू करा.